पाणवठ्यावरची शिरगणती
संक्रांत आली की दिवस तिळातिळाने मोठा होऊ लागतो आणि आपण एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवून जुने काही विसरतो, नवे काही जोडतो. याच दिवसांत, जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, तळ्या-धरणांच्या काठी आणखी एक व्रत फारसा गाजावाजा न होता पाळले जाते. उजाडता उजाडता कानटोप्या घातलेली माणसे दुर्बिणी घेऊन पाखरे मोजत उभी असतात. ही आशियाई पाणपक्षी गणना भारतीय उपखंडात १९८७ साली सुरू झाली. तेव्हापासून पक्षिशास्त्रज्ञांच्या खांद्याला खांदा लावून शिक्षक, विद्यार्थी, वनरक्षक आणि काठच्या गावांतली पोरे हे काम करीत आली आहेत, तेही एका पैच्या मोबदल्याविना.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. गाळ साचत साचत तिथे बेटे उभी राहिली, पाणवनस्पती माजल्या आणि पाखरांचे राज्य वसले. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली राज्यातली ही पहिली जागा. धुके विरळ होताच काळ्याभोर वारकरी पक्ष्यांचे थवे दिसू लागतात, थापट्या बदके आपली रुंद चोच पाण्यात बुडवून चाळणीसारखी फिरवत असतात आणि लव्हाळ्याच्या कडेने हळदीकुंकू बदकांची जोडी सरकत जाते. मोजणारा आधी दहा पाखरे नीट मोजतो, तेवढ्यांची व्याप्ती नजरेत बसवतो आणि त्या मापाने सारे पाणी पालथे घालतो. शेजारचा आकडे टिपून घेतो. इतक्यात एखादा शिकारी पक्षी पाण्यावरून घिरटी घालतो, शेकडो पंख एकदम उठतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कुणी वैतागत नाही. मोठ्या चिकाटीचे हे काम आहे, आणि त्यात एक कठोर प्रामाणिकपणाही आहे, कारण जिथे काहीच दिसले नाही तिथे शून्य लिहावे लागते.

या शून्याचे मोल आपल्याला गिधाडांनी शिकवले. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८०च्या दशकात पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी गिधाडांच्या नोंदी ठेवल्या होत्या. नव्वदच्या दशकात त्यांनी पुन्हा मोजले तेव्हा ऱ्हास किती भयंकर आहे ते उघड झाले. पुढे २००४ साली कारण सापडले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. जुन्या नोंदी नसत्या, तर ही गिधाडे गेली कधी आणि किती, हेही आपल्याला ठामपणे सांगता आले नसते.

म्हणूनच एका वर्षाचा आकडा एकटा फारसा बोलत नाही. त्याच जागी, त्याच ऋतूत, वर्षानुवर्षे कुणालातरी उभे राहावे लागते. यंदाचा पाऊस, धरणातला पाणीसाठा, काठावरची शेती यांनी संख्या वरखाली होतेच. त्यातून खरी घसरण वेगळी काढायला दशके लागतात. वाडवडिलांनी आपल्याला तळी दिली, देवराया दिल्या. त्यांवर काय नांदत होते याचा हिशेब मात्र दिला नाही. तो पुढच्यांसाठी लिहून ठेवणे हे आपल्याच पिढीच्या वाट्याला आले आहे, आणि हे ओझे नव्हे, मान आहे असे आम्ही मानतो.

या मोजणीला पदवी लागत नाही. चार-सहा बदके ओळखता आली की जाणत्याच्या शेजारी उभे राहून बाकीची शिकता येतात. तेव्हा यंदा आपल्या गावच्या तळ्यावर जा, जे दिसेल ते लिहा, आणि पुढच्या जानेवारीत त्याच तळ्यावर पुन्हा जा. घरातल्या मुलांना पतंग जरूर घेऊन द्या, पण याच पाखरांचे पंख कापणारा नायलॉनचा मांजा घराच्या उंबऱ्याआत येऊ देऊ नका.