साल ठेवली, गर फेकला

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस मला धास्तीचे जातात. माळे झाडले जातात, ट्रंका उघडतात आणि घरोघरचे जुने कागद रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन पडतात. यंदा आमच्या शेजारी असाच एक गठ्ठा निघाला. त्या घरचे गृहस्थ माझे जुने स्नेही. चाळीस वर्षे टपालाची तिकिटे जमवणारे. मी गेलो तेव्हा ते पाकिटांचे कोपरे कापून परातीतल्या पाण्यात भिजत घालीत बसले होते. उरलेली पाकिटे पायाशी रद्दीत.

"अहो, हे काय चालवलंय?" मी ओरडलोच.

"सालं काढतोय," ते शांतपणे म्हणाले. "तिकीट म्हणजे गर आणि पाकीट म्हणजे साल. सालांचा काय संग्रह करायचा?"

या एका वाक्याशी माझे भांडण आहे, आणि सणाचे दिवस असले तरी ते मी आज भांडणार आहे.

माझा पुरावा मी अमेरिकेतून आणतो, कारण गेली वीस-बावीस वर्षे मी तिथल्या जुन्या खाजगी टपालाची पाकिटे जमवतो आहे. चौतीस वर्षे सरकारी टपालाच्या खिडकीमागे काढलेल्या माणसाने सरकारची टपालातली मक्तेदारी मोडू पाहणाऱ्यांची पाकिटे जमवावीत, याचे आमच्या घरी सर्वांना हसू येते. येवो बापडे.

1845 पूर्वी अमेरिकेत पत्र पाठवणे ही चैन होती. हशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. बोस्टनहून न्यूयॉर्कला एका कागदाचे पत्र म्हणजे पावणेएकोणीस सेंट. दोन कागद असले की दुप्पट. पाकीट घातले तर तोही एक कागद धरला जाई! म्हणून लोक पाकीटच घालीत नसत. कागदाच्या आतल्या बाजूस मजकूर लिहायचा, तोच कागद दुमडायचा, लाखेने बंद करायचा आणि पाठीवर पत्ता घालायचा. आपल्याकडच्या लखोट्यासारखेच ते. आमच्या स्नेह्यांनी हा मुद्दा ध्यानात घ्यावा : जिथे लखोटा हेच पत्र, तिथे साल कुठली आणि गर कुठला? तिकीट कापले की मागच्या बाजूचे चार शब्द त्याबरोबर गेलेच.

या महागाईतून खाजगी मंडळी पुढे आली. 1839 मध्ये विल्यम हार्नडेन नावाचा माणूस हातात एक पिशवी घेऊन बोस्टन-न्यूयॉर्क खेपा घालू लागला. 1842 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क शहरात 'सिटी डिस्पॅच पोस्ट' निघाले. त्याने तीन सेंटांचे चिकटवायचे तिकीट काढले, ते अमेरिका खंडातले पहिले. सरकारने ऑगस्टात ते टपाल विकतच घेतले. मग 1844 च्या जानेवारीत लायसँडर स्पूनर या बंडखोर वकिलाने 'अमेरिकन लेटर मेल कंपनी' काढली. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर या शहरांमध्ये त्याचे टपाल चाले. दर सव्वासहा सेंट. तिकिटे घाऊक घेतली तर डॉलरला वीस. तिकिटावर गरुडाचे चित्र. 'सरकारला टपालखाते चालवायचा अधिकार असेल, पण दुसऱ्याला बंदी करायचा नाही,' असे त्याने पुस्तिका लिहून ठणकावले. सरकारने खटले भरले आणि अखेरीस 3 मार्च 1845 ला कायदा करून, जुलैपासून गावोगावच्या खाजगी टपालाची वाट बंद केली. परंतु त्याच कायद्याने तीनशे मैलांपर्यंतचे हशील पाच सेंटांवर आणले! 1851 मध्ये, आधी हशील भरलेल्या पत्रासाठी ते तीन सेंट झाले. ज्याला बुडवले त्याचाच भाव सरकारने उचलला. (माझ्या जुन्या खात्याची बाजूही सांगतो : खाजगी मंडळी मोठ्या शहरांमधला मलिदा तेवढा उचलीत, आडरानातल्या खेड्यात घोडा पाठवायचा तो सरकारनेच.)

आता प्रश्न असा की, सामान्य माणसाने या स्वस्त टपालाचा उपयोग केला कसा? कोण कुणाला लिहीत होते, पत्र कुठून कुठे गेले, पैसे देणाऱ्याने भरले की घेणाऱ्याने? कायद्याच्या पुस्तकात यातले काही नाही. हे सारे लखोट्यावर आहे : तारखेत, शिक्क्यात, पत्त्याच्या अक्षरात, कोपऱ्यात लेखणीने ओढलेल्या आकड्यात. सुटे झालेले गरुडाचे तिकीट यातले काहीच सांगत नाही.

त्याहून वाईट म्हणजे ते खरे आहे की खोटे, हेही धड सांगत नाही. 1860 च्या सुमारास तिकिटांचे वेड पसरले. प्रत्येकाला आल्बमातली चौकट भरायची होती. मागची हकिगत कुणालाच नको होती. तेव्हा न्यूयॉर्कच्या जॉर्ज हसीने या खाजगी टपालांच्या तिकिटांच्या नकला छापून विकल्या. बोस्टनच्या सॅम्युअल अ‍ॅलन टेलरने तर कधी अस्तित्वातच नसलेल्या टपालांची तिकिटे काढली! चोरांना दोष देतो मी, पण गिऱ्हाइकांना अधिक देतो. आमच्या स्नेह्यांसारखी 'गर' मागणारी गिऱ्हाइके नसती, तर या बनावट मालाला बाजार कुठला? मी स्वतः पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून असला एक सुटा गरुड घेतला. तो आज माझ्या टेबलावर, काचेखाली, माझी खोड म्हणून बसला आहे. लखोटेही खोटे करतात, खऱ्या जुन्या पत्रावर खोटे तिकीट डकवतात, हे मला ठाऊक आहे. परंतु सुट्या तिकिटाला एकदाच खोटे बोलावे लागते. लखोट्याला तारीख, दर, वाट, शाई आणि शिक्का अशा पाच ठिकाणी बोलावे लागते, आणि तिथे तो सापडतो.

कॅलिफोर्नियात सोने निघाल्यावर पुढचा अंक झाला. 1852 च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना एक सवलत मिळाली : सरकारी छापील तिकिटाचे पाकीट वापरले, म्हणजे सरकारचे हशील आधीच पोचले, तर पत्र त्यांनी न्यावे. वेल्स फार्गो कंपनी अशी सरकारी पाकिटे घेऊन त्यांवर आपले नाव छापी आणि वरचे पैसे घेई. खाणीवरचा माणूस दुप्पट दाम मोजून कंपनीकडेच जाई, कारण तिचा माणूस त्याच्या खाणीपर्यंत येई. माझ्याजवळ असे एक पाकीट आहे. उजवीकडे वॉशिंग्टनचे उठावदार डोके, शेजारी कंपनीचे नाव, खाली निळा लंबगोल शिक्का. असल्या पाकिटांचेही चौकोन कापणारे महाभाग तिथे निघाले. त्यांच्या आल्बमात उरले सरकारचे तीन सेंट. कंपनी, शिक्का, खाण, सारे केराच्या टोपलीत. इतिहासातून एक बाजू पुसण्याची ही किती सोपी युक्ती!

कुणी म्हणेल, दोन खोल्यांच्या घरात पाकिटे ठेवायची कुठे? सगळी कोण ठेवायला सांगतो? विजेची बिले खुशाल द्या. हाताने लिहिलेली, शिक्का वाचता येणारी तेवढी ठेवा. बुटांच्या एका खोक्यात मावतात. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत, याचा आपण अभिमान सांगतो. त्यांना एखाद्या घरी कात्री घेतलेला माणूस भेटला असता, तर त्यांनी काय केले असते? त्यांचा राग प्रसिद्धच होता.

आणि मी तरी कोण मोठा? माझे वडील मुंबईला गिरणीत होते. आठ-पंधरा दिवसांनी गावी पाकीट येई. मी नऊ-दहा वर्षांचा. तिकीट भिजवायचे आणि उरलेला कागद आई बंबात घाली. ती तिकिटे अजून आहेत, त्यांना रुपयालाही कुणी विचारीत नाही. वडील त्या वर्षांत कुठकुठल्या चाळींतून राहिले, हे मला आज सांगता येत नाही. पाकिटांच्या मागे लिहिलेले असे.

तर त्या दिवशी मी स्नेह्यांच्या पायाशी पडलेली पाकिटे पिशवीत भरली. "न्या, न्या, आमची रद्दी कमी झाली," ते हसत म्हणाले. रात्री मी ती वर्षवार लावीत बसलो. त्यांतल्या एकावर त्यांच्या आईचे अक्षर आहे. मी ते ओळखतो, आमच्याकडे तिची चकलीच्या भाजणीची चिठ्ठी आहे. पाकीट पुणे-सोलापूर, शिक्का अर्धाच, कारण तिकिटाच्या जागी चौकोनी भोक आहे, आणि त्यातून आतल्या पत्राचा तुकडा दिसतो. ते मी त्यांना अजून दाखवलेले नाही.