आपलं माणूस आणि आपला विचार



२५ जुलै २०२२ ला द्रौपदी मुर्मू यांनी राष्ट्रपतीपदाची शपथ घेतली. देशात पहिल्यांदाच आदिवासी बाई त्या खुर्चीवर बसली. इथं पुणे शहरात शिकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या आम्हा पोरापोरींनाही लई आनंद झाला. पण मतं देणाऱ्यांनी काय बघून मत दिलं, हेही गावात बोललं पाहिजे.

ही निवडणूक खासदार-आमदार करतात. आपल्या राज्यातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. मत गुप्त, पक्षाचा व्हीप नाही. म्हंजे आपल्या विचाराच्या माणसाला मत द्यायला पूर्ण मोकळीक.

होतं काय? शिवसेनेचंच बघा. २००७ ला भाजपसोबत असून मत काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटलांना, कारण मराठी माणूस. २०१२ ला मेघालयचे आदिवासी नेते पी. ए. संगमा उभे होते, भाजप त्यांच्या मागे होता. तरी सेना गेली प्रणव मुखर्जींकडे. २०२२ ला भाजपशी भांडण, तरी उद्धव ठाकरेंचा पाठिंबा मुर्मूंना, आदिवासी महिला म्हणून. मग २०१२ ला आदिवासी का दिसला नाही? कधी भाषा, कधी समाज, कधी सोय. जल-जंगल-जमिनीबद्दल उमेदवाराचा विचार काय, हे कोणी विचारलंच नाही.

आपण ते विचारावं. मुर्मू झारखंडच्या राज्यपाल असताना आदिवासींची जमीन शेतीबाहेरच्या वापराला मोकळी करणारी कुळकायद्यांची दुरुस्ती त्यांच्याकडं सहीला आली. लोक रस्त्यावर होते. २०१७ मध्ये त्यांनी ती विधेयकं सरकारला परत पाठवली. आमच्या मते त्यांची आपल्याशी खरी जवळीक या कामात आहे, नुसत्या जन्मात नाही.

आणि तेव्हा तर परीक्षाच होती. २८ जून २०२२ ला केंद्राने वनसंवर्धनाचे नवे नियम काढले होते. त्या नियमांत जंगल प्रकल्पाला द्यायची अंतिम मंजुरी केंद्र आधी देऊ शकत होतं, वनहक्क कायद्याची पूर्तता राज्याने मागाहून बघायची होती. मग ग्रामसभेच्या संमतीला उरलं काय?

राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात, हे खरं. पण सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो. पाचव्या अनुसूचीप्रमाणं अनुसूचित क्षेत्राचा अहवाल राज्यपालांनी राष्ट्रपतींनाच द्यायचा असतो. म्हणून आंबेगाव-जुन्नरपासून गडचिरोलीपर्यंत प्रत्येक ग्रामसभेनं अशा नियमांविरुद्ध ठराव करून राष्ट्रपती भवनाला पाठवावा.

आणि उद्या आपल्या दारात मत मागायला कोणी आला, मग तो आपल्याच पाड्याचा का असेना, त्यालाही हेच विचारा : दावे अडले तेव्हा तू कुठं होतास?