घरच्या आठवणी आणि सरकारी दालन

अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या राजधानीत, ऑस्टिन येथे, राज्याच्या इतिहासाचे एक भव्य संग्रहालय आहे. १८३६ मधील सॅन जॅसिन्टोच्या लढाईच्या स्मृतिदिनी, २१ एप्रिल २००१ रोजी, ते लोकांस खुले झाले. १६८६ मध्ये बुडालेल्या आणि १९९५ मध्ये सापडलेल्या 'ला बेल' या फ्रेंच जहाजाचा सांगाडा तेथे मांडलेला आहे. परंतु विचार करण्याजोगे आहेत ते या संग्रहालयाने हाती घेतलेले दोन साधे उपक्रम. सामान्य नागरिकांनी आपल्या घराण्याच्या आणि गावाच्या कथा स्वतःच्या शब्दांत द्याव्यात व संग्रहालयाने त्या जतन कराव्यात, हा पहिला. महिन्याच्या पहिल्या रविवारी विनामूल्य प्रवेश आणि मुलांनी वडीलधाऱ्यांसह करावयाच्या कृती, हा दुसरा. या रविवारांचा भार किराणा मालाच्या दुकानांची साखळी चालविणाऱ्या एका कंपनीने उचलला. फुकट म्हटलेल्या गोष्टीचे मोल कोणीतरी मोजतच असते. येथे ते निदान उघडपणे मोजले गेले.

घरगुती वस्तूंना संग्रहालयात मान असावा, ही कल्पना मराठी माणसास नवी नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे आणि अडकित्ते त्याने पाहिलेले असतात. वस्तू मात्र मुकी असते; तिच्याविषयी तक्रार करावी असे सत्ताधाऱ्यांस सहसा वाटत नाही. कुटुंबाची आठवण बोलते, आणि प्रसंगी राज्याच्याच विरुद्ध साक्ष देते.

टेक्ससमध्ये नेमके हेच घडले. २८ जानेवारी १९१८ रोजी रिओ ग्रांदे नदीकाठच्या पोर्वेनिर या खेड्यातील मेक्सिकन वंशाच्या १५ निःशस्त्र पुरुषांना व मुलांना राज्याच्या रेंजर दलातील शिपायांनी आणि स्थानिक पशुपालकांनी घरांतून बाहेर काढून ठार केले. गाव ओस पडले. वाचलेले नदीपलीकडे मेक्सिकोत गेले. हॅरी वॉरन नावाच्या तेथील शिक्षकाने मृतांची नावे लिहून ठेवली नसती, तर तीही उरली नसती. १९१९ मध्ये होसे तोमास कनालेस या आमदाराच्या आग्रहामुळे विधिमंडळाने रेंजर दलाची चौकशी केली. काही शिपाई बडतर्फ झाले होते, पण खटला कोणावरही उभा राहिला नाही. पाठ्यपुस्तकांतील रेंजर शूरच राहिला. पोर्वेनिरची स्मृती जिवंत राहिली ती मृतांच्या वंशजांच्या घरी.

२०१६ मध्ये याच सरकारी संग्रहालयाने १९१० ते १९२० या दशकातील सीमेवरील हिंसाचारावर प्रदर्शन भरविले. शंभर वर्षे घरात दबलेली गोष्ट राज्याच्या छपराखाली उच्चारली गेली. एखाद्या शासकीय संस्थेने आपल्याच शासनाच्या पूर्वजांविषयी असे बोलावे, हे धैर्य लहान नव्हे.

पुढे पाचच वर्षांनी त्या धैर्याची मर्यादा दिसली. अलामोच्या दंतकथेची चिकित्सा करणारे एक पुस्तक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केली आणि १८३६ च्या टेक्सस प्रजासत्ताकाच्या संविधानाने तिला संरक्षण दिले. तेव्हा स्वातंत्र्याच्या त्या लढ्यात गुलामांवरील मालकीचाही भाग होता, असे लेखकांचे म्हणणे. १ जुलै रोजी संग्रहालयाने या पुस्तकावर चर्चा योजली होती. ती सुरू होण्यास काही तास उरले असता रद्द झाली. उपराज्यपाल डॅन पॅट्रिक यांनी, आपणच ती रद्द करावयास सांगितले, असे जाहीरपणे कळविले. हे संग्रहालय ज्यांच्या नावाने उभे आहे ते बॉब बुलक हेही उपराज्यपालच होते!

पॅट्रिक यांना हे करता आले याचे कारण एका व्यक्तीच्या स्वभावात शोधून भागणार नाही. ते रचनेतच आहे. हे संग्रहालय ज्या राज्य जतन मंडळाच्या अखत्यारीत येते, त्याच्या सहा सदस्यांत राज्यपाल, उपराज्यपाल, विधानसभेचे सभापती आणि दोन्ही सभागृहांचे एकेक प्रतिनिधी, असे पाच जण राजकारणातील आहेत; नागरिकांचा प्रतिनिधी एकच. जी माणसे निवडणुकीत इतिहासाचा वापर करतात, त्यांच्याच हाती त्याच्या दालनाची किल्ली असते. पुस्तकाचे काही बिघडले नाही, उलट बोभाट्यामुळे त्याला गिऱ्हाईकच मिळाले असेल. खरा तोटा झाला तो आपल्या आजीची गोष्ट तेथे सुपूर्द करावी की नाही, या विचारात असलेल्या कुटुंबाचा. ज्या पेढीचा मालक हिशेबाची वही केव्हाही बंद करू शकतो, तिच्यात ठेव कोण ठेवील?

यावर उपाय अवघड नाही. इमारत, सुरक्षा आणि अंदाजपत्रक मंडळाने पाहावे. कोणते प्रदर्शन भरवावयाचे, कोणास बोलवावयाचे आणि कोणती कथा जतन करावयाची, हे मात्र इतिहासकार व कथा देणाऱ्या कुटुंबांचे प्रतिनिधी यांच्या स्वतंत्र समितीकडे कायद्यानेच सोपवावे. या समितीचा निर्णय फिरवावयाचा झाल्यास मंडळाने तो लेखी कारणांसह, उघड बैठकीत फिरवावा. पहिल्या रविवारी किती माणसे आत आली हे दारावर मोजता येते, आणि वार्षिक अहवालात तो आकडा शोभूनही दिसतो. पण पोर्वेनिरच्या वंशजांपैकी कोणी नातवंडांना घेऊन त्या गर्दीत आले असतील, तर २०१६ मध्ये भिंतीवर होते ते उद्याही राहील याची हमी त्यांना आज कोणत्याही अहवालात सापडणार नाही.