फोन तुमच्याआधी ऐकतो!

मैत्रिणीचा चार मिनिटांचा ऑडिओ मेसेज आला की तुम्ही 'नंतर ऐकू' म्हणता, बरोबर? फोन मात्र थांबत नाही. गुगल मेसेजेसमध्ये आलेलं बोलणं अक्षरांत उतरवून द्यायचं, तर अनेक अँड्रॉइड फोन ती फाइल आपणहूनच उघडतात. ऑक्टोबर २०२५मध्ये गुगलच्याच 'प्रोजेक्ट झिरो' टीमने जाहीर केलेली त्रुटी म्हणूनच गंभीर होती. दोष डॉल्बीच्या डीकोडरमध्ये, म्हणजे ऑडिओ फाइल उलगडणाऱ्या कोडमध्ये. फाइल नुसती आली तरी पुरे, तुम्ही बोटही लावायला नको!

भानगड काय होती? (मी मासकॉमची, त्यामुळे गणित जरा घाबरतच समजून घेतलंय.) अशा ऑडिओत काही आकड्यांची लांबी ठरलेली नसते. थोडे बिट वाचायचे, मग एक बिट सांगतो, 'अजून आहे' की 'संपलं'. 'अजून' असेल तर आधीचा आकडा सरकवून मोठा करायचा आणि पुढचे बिट त्यात मिळवायचे. छोट्या आकड्यांना जागा कमी लागावी, म्हणून ही युक्ती. पण कुणी मुद्दाम 'अजून, अजून' म्हणतच राहिलं तर? ३२ बिटांच्या खणात ४२९४९६७२९५च्या पुढे जागाच नाही. त्यात एक मिळवला की थेट शून्य. जुन्या स्कूटरचं मीटर ९९९९९नंतर ००००० होतं ना, तसंच. आणि सी भाषा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

इथेही लांबीचा हिशेब असाच उलटला. मेमरी कमी घेतली गेली, डेटा हद्दीबाहेर लिहिला गेला. तपासणी नव्हती असं नाही, पण ती उलटलेल्या आकड्यापुढे निकामी ठरली.

कोडिंगवाल्यांनो, उपाय दोन-तीन ओळींचा आहे. 'अजून' किती वेळा चालेल, त्याला मर्यादा घाला. आणि तपासणी बेरजेच्या आधी करा. 'लांबी अधिक हेडर' मर्यादेबाहेर जातं का, असं विचारलंत तर ती बेरीजच उलटू शकते. त्यापेक्षा मर्यादेतून हेडर वजा करा आणि लांबी त्याहून जास्त आहे का ते बघा.

मला जास्त खटकतं ते पुढचं. अँड्रॉइडच्या जानेवारी २०२६च्या सिक्युरिटी पॅचमध्ये दुरुस्ती आली खरी, पण ती तुमच्या हँडसेटवर कधी पोचणार, हे फोन बनवणाऱ्या कंपनीच्या मर्जीवर. सेटिंग्जमध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. मी माझी बघितली आणि हा लेख अर्धवट टाकून आधी चार्जर शोधला.