खडखड ऐकू येते, ब्रेक बोलत नाही

शाळेत असताना ज्या गाडीचा फोटो तुम्ही वहीत चिकटवला होता, ती आज सेकंडहँड बाजारात तुमच्या आवाक्यात आलेली असू शकते. खरीखुरी दोन सीटची स्पोर्ट्स कार खानदेशात क्वचितच दिसते. आपल्याकडे पोरं ज्यांना स्पोर्ट्स कार म्हणतात, त्या म्हणजे २०१३ मध्ये आलेली चाकणची पोलो जीटी टीएसआय किंवा २०१५ मध्ये आलेली रांजणगावची अबार्थ पुंटो. पहिली १०५ अश्वशक्तीची, दुसरी १४५ची. दोन्ही आपल्याच महाराष्ट्रात बनल्या आणि दोन्ही बंद झाल्या. म्हणजे आता कुठलीही घ्या, जुनीच मिळणार. आणि जुनी गाडी म्हटलं की बारीकसारीक कुरबुरी आल्याच.

डॅशबोर्ड खडखडतो. डावीकडची काच रडत रडत वर जाते. खड्ड्यात पुढून ‘टक’ आवाज येतो. एसी दुपारी दमतो. यातलं काहीच मोठं नाही, म्हणून नवा मालक आधी काय करतो? मोठ्ठ्या आवाजाचा सायलेन्सर, अलॉय व्हील, काचेला काळी फिल्म. कुरबुरी राहतात ‘पुढच्या महिन्यात बघू’वर. आमचं म्हणणं एवढंच आहे की, कुरबुरींची यादी करताना कानावर भरवसा ठेवू नका. जी वाजते ती सहसा निरुपद्रवी असते. जी जिवावर बेतते, ती बहुतेक वेळा गप्प असते.

ब्रेक ऑइलचंच घ्या. ते हवेतली ओल शोषतं आणि जुनं झालं की कमी तापमानाला उकळतं. गावात फिरताना पत्ताही लागत नाही. पण मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात असताना धुळ्याजवळचा लळिंग घाट किंवा चाळीसगावपुढचा कन्नड घाट उतरताना सारखा ब्रेक दाबलात, की पाइपात वाफ धरते आणि पेडल पायाखाली मऊ पडतं. साधारण दोन वर्षांनी हे ऑइल बदलायचं असतं. आधीच्या मालकानं कधी बदललं याचं बिल नसेल, तर बदललेलंच नाही असं समजा. खर्च चांगल्या सायलेन्सरच्या तुलनेत किरकोळ आहे.

टायरचंही तसंच. नक्षी खोल दिसते म्हणून खूश होऊ नका. टायरच्या बाजूला कोरलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर कडक होतं, बाजूला बारीक चिरा पडतात. धुळे ते जळगाव नव्वदेक किलोमीटर, सुरत-नागपूर महामार्गावर पारोळा, एरंडोल मागे टाकत तुम्ही भर दुपारी भरधाव निघता, तेव्हा असा टायर फुटायला फार निमित्त लागत नाही.

तिसरी गप्प वस्तू कूलंट. डबीत नुसतं साधं पाणी दिसलं तर सावध व्हा. साध्या पाण्यानं आतून गंज आणि क्षार धरतात, ते लवकर उकळतंही. मालकाच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंटच भरून घ्या. होज पाइप हातानं दाबून पाहा, फुगलेला किंवा तडकलेला असेल तर बदला. रेडिएटरचा पंखा चालू होतो का तेही बघा. आणि गरम इंजिनाचं झाकण चुकूनही उघडू नका. टर्बो इंजिनाला तर थंडावा आणि वेळच्या वेळी बदललेलं ऑइल, दोन्हींची भूक जास्त. जोरात पळवून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर इंजिन सावकाश चालू ठेवा.

एक छोटी परीक्षा फुकट आहे. इग्निशन ऑन करा, पण इंजिन सुरू करू नका. इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे एकदा लागले पाहिजेत. इंजिन सुरू झाल्यावर ते विझले पाहिजेत. दिवा विझलाच नाही तर बिघाड आहे. आणि दिवा मुळात लागलाच नाही, तर शंका आणखी मोठी, कारण गाडी विकताना कुणी तरी तो बंद केलेला असू शकतो. स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. अंदाजानं पार्ट बदलत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

हे झालं की मग वाजणाऱ्या गोष्टींकडे वळा. पुढचा ‘टक’ बहुधा लिंक रॉडचा किंवा बुशचा असतो. स्टेअरिंग वाकडं राहत असेल तर अलाइनमेंट करा. काचेच्या रबरी खोबणीत सिलिकॉन स्प्रे मारला की निम्म्या काचा सुधारतात. डॅशबोर्डची खडखड फोमच्या पट्टीनं थांबते. ही कामं रविवारी स्वतः करा. मजा येते आणि गाडी कळते. ब्रेक आणि एअरबॅगला मात्र हात लावू नका, ते जाणत्या मेकॅनिकचं काम. त्याच्याजवळ उभं राहा, विचारा. चांगला मेकॅनिक सांगतो.

शेवटची कुरबुर कागदाची. तिलाही आवाज नसतो. विक्रेत्यानं फॉर्म २९, तुम्ही फॉर्म ३०, कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव बदललं नाही, तर अपघाताच्या भरपाईत जुना नोंदणीकृत मालकच जबाबदार ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. ज्या भाऊनं विश्वासानं गाडी दिली, त्याला कोर्टाची पायरी चढायला लावू नका. विमाही वेळेत स्वतःच्या नावावर करा. स्वस्त म्हणून दिल्लीची गाडी आणत असाल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत, इथली फेरनोंदणी आणि इथला कर, हे सगळं धरूनच किंमत करा.

आणि तो सायलेन्सर? परवानगीशिवाय गाडीत बदल केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं. आमचा हिशेब साधा आहे. गाडीच्या किमतीचा दहावा भाग घेतानाच बाजूला काढा. त्यातून आधी टायर, ब्रेक, कूलंट आणि नावाची बदली. उरले तर अलॉय.

गाडी वेगात पळते याचं कौतुक गल्लीतली पोरं करतीलच. ती हुकमी थांबते का, हे घरी वाट बघणाऱ्यांना हवं असतं. आज संध्याकाळी एक कागद घ्या, एका बाजूला वाजणाऱ्या आणि दुसऱ्या बाजूला न वाजणाऱ्या गोष्टी लिहा. दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करा.