उद्यानाचे मोल कोणत्या मापाने?

पश्चिम बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांसाठी होणाऱ्या वृक्षतोडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने एका झाडाचे मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरले. त्यांत प्राणवायूचेच ४५,०००. या आकडेमोडीला आमचा विरोध नाही. जे फुकट मिळते ते कवडीमोल, अशी ज्यांची समजूत आहे त्यांना हीच भाषा कळते. प्रश्न आहे तो मापाचा.

उद्यानाचे मूल्य काढण्याची एक रूढ रीत म्हणजे शेजारच्या घरांचे भाव किती चढले ते पाहणे. आता धारावीला लागून, मिठी नदीकाठी असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान घ्या. शहराचा कचरा जेथे पडत असे त्या सुमारे ३७ एकरांवर झाडे वाढवून ते १९९४ साली खुले झाले. तेथील माती पाणी जिरवते, पाने धूळ अडवतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी जिरवणाऱ्या जमिनीची किंमत मिठीकाठच्या रहिवाशांना त्या रात्री कळली. परंतु पत्र्याखाली राहणाऱ्या, खोलीची नोंदही नसलेल्या कामगाराला मिळणारा गारवा या मापात शून्य भरतो! वातानुकूलित सदनिकेच्या सज्जातून दिसणारी हिरवळ मात्र लाखांनी भरते.

शिवाय किंमत ठरली की ती भरून कुऱ्हाड चालवू पाहणारा बिल्डर दारात उभाच. म्हणून हा आकडा त्याच्या पावतीवर नव्हे, महापालिकेच्या अंदाजपत्रकात श्रमिक वस्त्यांचे देणे म्हणून दिसला पाहिजे. कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्डातील मोकळ्या जागेचा हिशेब अंदाजपत्रकापूर्वी लेखी मागावा.