बंदूक कुणाच्या गावची?

आमचे मामा दरवर्षी भाऊबीजेला आष्टी तालुक्यातल्या आपल्या गावाहून बीडला येतात. येताना पिशवीत बाजरीचे पीठ, चार-सहा सीताफळे आणि वर्षभराच्या तक्रारी असतात. ओवाळणीच्या तबकात नोट ठेवून झाली, की ते आमच्या मातोश्रींशी घटकाभर सुखदुःखाच्या गोष्टी करतात आणि मग माझ्याकडे वळून म्हणतात, "बोला मास्तर, काय म्हणतंय तुमचं मराठी?" मराठी बरे आहे, असे मी सांगतो. ते त्यांना खरे वाटत नाही. मलाही वाटत नाही. पण बोलण्याला तोंड फुटते.

गेल्या भाऊबीजेला ते फुटले रानडुकरांवरून. मामांचा उभा मका एका रात्रीत डुकरांच्या कळपाने आडवा केला होता. आमचे शेजारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचा सगळा विश्वास अर्जावर. ते म्हणाले, "वनखात्याकडे अर्ज करा. पिकाची नासाडी करणारे डुक्कर मारायला परवानगी मिळते."

"परवानगी मिळंल हो," मामा म्हणाले, "पण बंदूक कुणाची आणू?"

"हैदराबादेहून नेमबाज बोलवावेत. तिकडे नामांकित माणसे आहेत."

यावर आमचे चिरंजीव उसळले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असल्यामुळे त्यांचे मत नेहमीच तयार असते. "काका, परराज्यातले शिकारी कशाला? अवनी वाघिणीच्या वेळी काय झालं, ठाऊक आहे ना?"

झाले! करंज्या ताटातच राहिल्या आणि घराची विधानसभा झाली. शेजारी म्हणत, जो नेमका मारील तो आपला. चिरंजीव म्हणत, आमच्या रानात बाहेरच्यांना परवाना नकोच. मी शिक्षक, म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडे थोडे बोलणारा. मामा मात्र गप्प बसून सुपारी कातरत होते.

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच शब्द घोळतो आहे : 'बाहेरचा'. शब्दांची उठाठेव हा माझा धंदाच. आणि या शब्दाची गंमत आमच्या बीड जिल्ह्याइतकी फार थोड्यांनी अनुभवली असेल.

पहा ना. आमचा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. आष्टीच्या शिवेपलीकडचा करमाळा मुंबई राज्यात. म्हणजे त्या काळी हैदराबादचा कुणी हौशी गृहस्थ आमच्या माळावर काळवीट टिपायला आला, तर तो आपल्याच राज्यातला. आणि पुण्याचा आला, तर तो परराज्यातला पाहुणा! राज्यपुनर्रचना झाली आणि एका रात्रीत पुण्याचा पाहुणा घरचा झाला, हैदराबादचा घरचा माणूस पाहुणा झाला. काळविटांना यातले काही कळवण्यात आले नव्हते. ती पूर्वीसारखीच सकाळी एका राज्यात चरत आणि संध्याकाळी दुसऱ्या राज्यात पाणी पीत.

आणि जो खरोखर या मातीतला शिकारी, त्याचे काय? पारध हाच ज्यांचा पिढीजात धंदा, त्या फासेपारध्यांवर इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यापासून पुढे जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का बसत गेला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले; शिक्का तर अजूनही पुरता पुसलेला नाही. दूरच्या शहरातून जीपगाडीने येई तो 'शिकारी', आणि माळावर पाल ठोकून तितर-ससे धरी तो 'चोर'. दोघांत अंतर होते ते एका कागदाचे. म्हणजे बाहेरचा कोण, हे गावावरून ठरत नव्हते. ते परवान्यावरून ठरत होते.

परवान्याचा हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच आहे असे समजू नका. अमेरिकेत शिकार अजूनही रीतसर परवान्याने चालते आणि तिथल्या बहुतेक राज्यांत घरच्यांना एक दर, बाहेरच्यांना दुसरा. मोंटाना नावाच्या डोंगराळ राज्यात १९७६ साली एल्क या मोठ्या हरणासकट इतर शिकारीचा एकत्रित परवाना रहिवाशाला ३० डॉलरला मिळे. बाहेरच्याला त्याच कागदाचे २२५ डॉलर मोजावे लागत. बाहेरच्या शिकाऱ्यांनी फिर्याद लावली. ती थेट त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९७८ साली निकाल लागला तो मोंटानाच्या बाजूने. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : शिकार ही हौस आहे, पोटापाण्याचा धंदा नव्हे. दुसऱ्या राज्यात जाऊन पोट भरण्याचा हक्क वेगळा. तिथे जाऊन हौस भागवण्याचा वेगळा. शिवाय रान राखण्याचा खर्च घरचे लोक वर्षभर करतात, तेव्हा पाहुण्याने जरा जास्त दिले तर बिघडले कोठे?

निकाल मला पटला. पण तो आपल्याला लागू पडत नाही, कारण आपल्याकडे हौसेचे दार केव्हाच बंद झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रथम मोठी शिकार, लहान शिकार अशा परवान्यांची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती कलमेच काढून टाकली. आज भारतात शिकारीचा परवाना असा उरलेलाच नाही. उरला आहे तो आदेश. बिबट्या किंवा वाघ माणसाच्या जिवावर उठला आणि त्याला पकडणे, गुंगी देणे, दुसरीकडे हलवणे यांतले काहीच शक्य नसले, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नमूद करून त्याला मारण्याचा लेखी आदेश काढतात. डुकरासारख्या पिके उद्ध्वस्त करणाऱ्या प्राण्यांसाठी अधिकार दिलेला वनाधिकारी परवानगी देऊ शकतो.

म्हणजे पूर्वी शिकारी सरकारकडे परवाना मागत असे. आता सरकारच बंदूकवाला शोधते. उलटली ती सारी गोष्ट इथे उलटली. पूर्वी प्रश्न हौसेचा होता, आता तो कर्तव्याचा आहे. आणि कर्तव्याला 'कुठला रे तू?' असे विचारून भागत नाही. 'उत्तर कोण देणार?' असे विचारावे लागते.

चिरंजीवांनी काढलेले अवनीचे उदाहरण याच दृष्टीने पाहू. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागात या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २०१८ च्या सप्टेंबरात आदेश निघाला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. हैदराबादचे शिकारी शफाअत अली खान यांना पाचारण झाले आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या रानात गोळी सुटली, ती त्यांच्या मुलाच्या बंदुकीतून. नेमणूक एकाची, गोळी दुसऱ्याची! राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीतही नियम मोडल्याचा ठपका आला. मुंबई-दिल्लीत निषेध झाले, आणि ज्यांच्या घरातली माणसे गेली होती त्या गावांत पेढे वाटले गेले. मला या दोन्ही माणसांचे मन कळते. पण वादाचे मूळ शिकारी हैदराबादचा होता यात नव्हते. अंधारात चाप ओढणारे बोट कुणाचे, त्याला अधिकार कुणी दिला, याचे सरळ उत्तर मिळाले नाही, यात होते. बोट राळेगावचे असते तरी प्रश्न हाच राहिला असता.

त्याआधी २०१६ च्या जूनमध्ये बिहारमध्ये मोकामा भागात नीलगायी, म्हणजे आमच्याकडचे रोही, मारण्यासाठी हैदराबादेहूनच नेमबाज नेले होते. थोड्या दिवसांत दोनशेच्या वर जनावरे पडली. मग दिल्लीत एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री, मेनका गांधी आणि आपले प्रकाश जावडेकर, जाहीरपणे समोरासमोर आले. जावडेकरांचा खुलासा असा, की राज्याने मागितले म्हणून केंद्राने परवानगी दिली. जबाबदारीचा चेंडू पाटण्याहून दिल्लीला आणि दिल्लीहून पाटण्याला. बंदूकवाले तोवर घरी पोचलेही असतील.

आता आमच्या अंगणातली गोष्ट. ती सांगताना मला अजून जड वाटते.

२०२० सालची दिवाळी नुकतीच उलटली होती. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आष्टी तालुक्यात बिबट्याने सुरुडी, किन्ही, पारगाव जोगेश्वरी या गावांच्या शिवारांत एकामागून एक तीन जीव घेतले. त्यांत एक लहान मूल होते. मामांचे गाव तिथून लांब नाही. रोज रात्री मी फोन करी. मामा म्हणत, "मास्तर, दारं लावून बसलोय. पण पाण्याची पाळी रातची हाये." विहिरीवरच्या मोटारीला तीन फेजची वीज रात्री येणार; ज्वारी दिवसा तहानलेली आणि माणसाने रात्री बिबट्याच्या रानात बॅटरी घेऊन दारे धरायची. मामी त्या दिवसांत मामांबरोबर शेतावर जाई आणि बांधावर बसून पितळेचे ताट बडवी. फोनमधून तो आवाज मी ऐकला आहे. शिकवताना भयरसाची उदाहरणे मी पुष्कळ देतो. त्या ताटासारखे एकही नाही.

पुढे डिसेंबरात करमाळा तालुक्यात आणखी तीन बळी गेले. तोच हा बिबट्या असे मानले गेले. आष्टीहून करमाळ्याला गेलेल्या त्या जनावराने जुन्या काळी राज्याची सीमा ओलांडली असती. आता फक्त जिल्ह्याची ओलांडली. मारण्याचा आदेश निघाला, पथके आली, नेमबाज आले, आणि १८ डिसेंबरला करमाळ्याच्या वांगी शिवारात अकलूजच्या डॉ. धवलसिंह मोहिते-पाटील यांच्या गोळीने तो पडला. त्या रात्री मामा फोनवर एवढेच म्हणाले, "सुटलो बाबा." गोळी हैदराबादची की अकलूजची, हे त्यांनी विचारले नाही.

म्हणून गेल्या भाऊबीजेला मी शेवटी मामांनाच विचारले, "मामा, तुमचं काय मत? शिकारी बाहेरचा चालेल का?"

मामांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. म्हणाले, "मास्तर, आपल्या जिल्ह्यानं 'बाहेरचा' म्हणून कुणाला हिणवू नये. आपली निम्मी माणसं दसरा झाला की कुठं जातात?"

घरात एकदम शांतता पसरली. वाचकहो, आमच्या जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे ऊसतोडीला जातात : सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे आणि थेट कर्नाटकात. बैलगाडी, ट्रॅक्टर, कोयता आणि कडेवर पोर. तिथे ती बाहेरचीच असतात. फडाच्या कडेला कोपीत झोपतात. आणि जुन्नरपासून अकोल्यापर्यंतचा बिबट्या आता उसातच राहतो, उसातच वितो. म्हणजे बिबट्याच्या वाटेवर सर्वांत आधी जे पोर येते ते पुष्कळदा आमच्या जिल्ह्याचे असते. ही माणसे हौसेला जात नाहीत, पोटासाठी जातात. मोंटानाच्या न्यायाधीशांनी केलेला फरक आमच्या मामांनी अडकित्ता बंद करता करता केला होता.

तेव्हा माझे मत आता दोन्ही बाजूंनी थोडे थोडे असे राहिलेले नाही. शिकारी कुठला, हे विचारूच नये. विचारावे ते असे : आदेशात ज्याचे नाव आहे त्याच्याच हातात बंदूक आहे काय? त्याच्यासोबत वनखात्याचा जबाबदार अधिकारी उभा आहे काय? चूक झाली तर दुसऱ्या दिवशी गावात येऊन ती कोण कबूल करणार? व्याघ्र प्राधिकरणाची नियमावली तरी याहून वेगळे काय सांगते? आधी खात्यातला तयार माणूस पहा. तो नसेल तरच बाहेरचा जाणकार घ्या. आणि नरभक्षकाच्या डोक्यावर बक्षीस लावू नका. शेवटची ओळ मला सर्वांत शहाणपणाची वाटते. बक्षीस आले की हौस मागच्या दाराने परत येते. खात्यातला माणूस मात्र आयत्या वेळी तयार होत नाही. त्याला आधीपासून शिकवावे लागते, हत्यार द्यावे लागते, नेमणूक द्यावी लागते. ते आपण करीत नाही आणि मग संकट आले की 'कुणाला बोलवायचे?' यावर भांडत बसतो.

निघताना मी मामांना डुकरांच्या परवानगीचा अर्ज लिहून दिला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला.

"मराठी चांगलं आहे," ते म्हणाले. "आता आणखी एक अर्ज लिहा. वीजवाल्यांना. म्हणावं, आम्हाला दिवसा पाणी देऊ द्या. मग निम्म्या बंदुका लागायच्याच नाहीत."

तो अर्जही मी लिहिला. दोन्हींच्या पोचपावत्या मामांच्या पिशवीत आहेत. यंदाच्या भाऊबीजेला ते येतील तेव्हा पहिला प्रश्न मीच विचारणार आहे, आणि तो मराठीविषयी नसेल.